किटिवेकच्या खिडकीतल्या माशा

मंगळवार, ५ नोव्हेंबर

किटिवेकमध्ये आज एकही माशी नव्हती!

लिहितानाही वेडेपणा वाटतोय. पण दर मंगळवारी मी हेच करते – किटिवेक, पफिन आणि टेकडीवरचं हिदर, सुट्टीच्या पाहुण्यांना भाड्याने देतात ती तीन घरं. पाहुणे नसले की प्रत्येक घरात आठवड्यातून एकदा जायचं, प्रत्येक नळ पाच मिनिटं सोडायचा, कुठे ओल आलीय का, पाइप गोठलाय का बघायचं, आणि दारामागच्या तक्त्यावर सही करायची. सही नसेल तर विमेवाले हात वर करतात. आणि दर वेळी खिडकीच्या कडेवर मूठभर मेलेल्या माशा असतात. थंडी पडली की त्या भिंतींच्या फटींत शिरतात, जरा ऊन दिसलं की काचेशी येतात आणि मरतात. मी त्या उचलत नाही. मार्चमध्ये एकदम झाडते. गेल्या मंगळवारी समोरच्या खिडकीत थर होता.

आज कड स्वच्छ. झाडलेली नव्हे – पुसलेली.

वर गेले नाही. न्हाणीघराचा नळ सोडला नाही. सही मात्र केली. चौदा वर्षांत पहिली खोटी सही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

वारा असेल. उंदीर असेल. उंदीर माशा खातात का? – पण फडकं मारत नाहीत.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

शुक्रवारची तीन घरं ठीक. कॉबल, बोटहाउस, लाँगस्टोन – माशा जिथल्या तिथे. माशा बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

दुकानदार डेरेकला सांगितलं. तो पावावरची धूळ झटकत म्हणाला, "भूत असेल तर भाडं लाव त्याला. बाकी सगळ्यांना लावतातच." मग म्हणाला, "साफसफाई करणारं भूत असेल तर माझ्याकडेही पाठव गं."

मी हसले. बाहेर पडताना दाराशेजारच्या फळ्यावर माझाच तक्ता दिसला. कुठलं घर कधी रिकामं, कधी भरलेलं, सगळं माझ्या अक्षरात. कोळसेवाल्याला आणि काचा पुसणाऱ्याला सोयीचं म्हणून मीच दर महिन्याला लावते. सहाही घरांच्या दाराशी किल्लीची पेटी, सहाही पेट्या उघडायचा एकच आकडा – गावात लाइफबोट आली ते साल. माझ्या डोक्यात एकच राहतं म्हणून.

तक्ता काढावासा वाटला. डेरेक बघत होता. काढला नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आल्या आल्या लिहून ठेवतेय.

किटिवेकमधल्या लाकडाच्या शेगडीची काच. शाळांच्या सुट्टीत आलेल्या कुटुंबाने ओली लाकडं जाळून ती डांबरासारखी काळी केली होती. मी कंटाळा केला, म्हटलं, वसंतात बघू. आज त्या काचेत मला माझा चेहरा दिसला! आतली राख थंड, पण नीट एका बाजूला ओढलेली. टोपलीत ओल्या वर्तमानपत्राचा बोळा. राखेत बुडवून काच घासायला असाच बोळा लागतो.

चोर काच पुसत नाही. मग कोण पुसतं?

शेगडीचा लोखंडी चिमटा हातात घेऊन वर गेले. पायऱ्या मोजत. समुद्राकडची मोठी खोली – गादी भिंतीला उभी, मी ठेवली होती तशी. मागची लहान खोली – तिथेही तशीच. कपाटात ब्लँकेटं रचलेली. त्यांच्याकडे बघून काहीतरी खटकलं. काय ते कळलं नाही. थांबले नाही.

न्हाणीघराचा नळ आज सोडला. पाचच्या ऐवजी एक मिनिट.

बुधवार, १३ नोव्हेंबर

प्रॉक्टरचा लीड्सहून फोन. किटिवेक आणि पफिन त्याची. आणि हे माझं घरही त्याचंच. माझे आईवडील इथे भाड्याने राहिले, मी राहिले. जुन्या जमीनदाराच्या वारसांनी घरांची अख्खी रांग विकली तेव्हा आम्हीही खुर्च्याटेबलांसारखे त्याच्याकडे गेलो.

"लॉर्ना, किटिवेक रिकामं आहे ना?"

"हो."

"मग सोमवारी दुपारी साडेतीनला तिथे किटली कशी चालू झाली? नवा मीटर आहे, माझ्या फोनवर दिसतं सगळं. रविवारीही. शनिवारीही."

मी काय म्हणाले आठवत नाही. बहुतेक "बघते" म्हणाले.

"तुम्ही तिथे कुणाला राहू देत असाल तर आत्ताच सांगा. मी चिडणार नाही." चिडणाऱ्या माणसाचाच आवाज. "तीस तारखेला येतोच आहे. तुमच्या घराबद्दलही बोलायचंय."

माझ्या घराबद्दल काय बोलायचंय? का नाही विचारलं मी? – विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं म्हणून.

रविवार, १७ नोव्हेंबर

या गावात तेवीस घरं. चार वाजता अंधार पडतो तेव्हा पाच खिडक्यांत दिवा लागतो. आज मोजले. पाच. बाकीची दारं सुंदर रंगवलेली, आत काळोख.

दाराच्या मुठीखाली खुर्ची लावून बसलेय. त्या घरात कुणीतरी आहे, आणि परवा मला तिथे जायचंय. नाही गेले तर सही नाही. सही नाही तर काम नाही. काम गेलं तर प्रॉक्टर मला इथे कशाला ठेवील?

मंगळवार, १९ नोव्हेंबर

कुणीतरी आहे. आता नक्की.

स्वयंपाकघरातला नळ सोडून उभी होते. पाण्याचा आवाज मोठा, बरं वाटत होतं. पाच मिनिटांनी बंद केला आणि वरून एक खोकला ऐकू आला. एकच. दाबलेला, तोंडावर काहीतरी धरून.

मी किल्ली आत टाकून पळाले. अर्ध्या रस्त्यावरून परत फिरावं लागलं. दार उघडंच होतं. हात आत घालून किल्ली ओढली, पुन्हा पळाले. बासष्टाव्या वर्षी!

पोलिसांना फोन केला. "काही चोरीला गेलंय?" "नाही." "मोडतोड?" "नाही. साफसफाई झालीय." पलीकडचा पोरगा म्हणाला, "बाई, त्याला माझ्या घराचा पत्ता द्या ना." गाडी मोकळी झाली की येतो म्हणाला. चाळीस मैलांवरून. आला नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर

ब्लँकेटं!

पहाटेपासून डोक्यात तेच. मी ब्लँकेट कपाटात कसंही सारते, कडा बाहेर. पाहुणे काही कडा बघायला येत नाहीत. पण त्या कपाटात सगळ्या घड्या बाहेरच्या बाजूला होत्या, कडा आत. दुकानात मांडतात तशा.

बारा वर्षं या एका गोष्टीवरून आम्ही भांडलो. शनिवारी दहाला पाहुणे जाणार, चारला नवे येणार, मध्ये इतकी घरं – आणि माझ्याबरोबर कामाला असलेली थेल्मा माझी ब्लँकेटं उलटून ठेवत बसायची. "कडा म्हणजे तुझी उघडी जीभ," म्हणायची. काचही तीच अशी घासायची. राख आणि ओला कागद. काच पुसायचा फवारा आणून दिला तर नाक मुरडायची.

थेल्मा रॉब्सन. किटिवेक तिचंच घर. तीस वर्षं ती तिथे भाड्याने होती, तेव्हा त्याला पक्ष्याचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता. गेल्या ईस्टरला प्रॉक्टरने ते पाहुण्यांसाठी केलं. थेल्मा मुलीकडे कार्लाइलला गेली. आम्ही तिला केक दिला. मी रडलेसुद्धा.

भीती गेली असं वाटलं होतं. नाही गेली. जागा बदलली फक्त.

शनिवार, २३ नोव्हेंबर

गेले. वार मोडून गेले.

ती स्वयंपाकघरात बसली होती. कोट, टोपी, हातमोजे, मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी. अर्धी झालीय. मला बघून दचकली, मग घड्याळाकडे पाहिलं, जसं काही मीच चुकले.

"तू मंगळवारी येतेस. आज शनिवार. शिस्त कुठे गेली तुझी?"

"थेल्मा, तू कार्लाइलला होतीस ना?"

"होते. सप्टेंबरपर्यंत. जावई काही बोलत नव्हता हं. नुसता टीव्हीचा आवाज वाढवायचा. रोज थोडा थोडा. शेवटी शेवटी काचा हलायच्या."

मुलीला तिने सांगितलं, लॉर्नाकडे राहते. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून ते खरंच होतं एका अर्थी. रात्री बंद दुकानाच्या काचेतून माझा तक्ता बघून ती घर निवडते. मंगळवारी सकाळी शुक्रवारच्या घरात, शुक्रवारी मंगळवारच्या. मला खोकला ऐकू आला त्या मंगळवारी तिला ताप होता, उठवलं नाही. हीटर कधीच लावत नाही. शेगडी एकदाच, धुक्याच्या दिवशी, धूर दिसू नये म्हणून.

"माशा का झाडल्यास?"

"माझ्या घरात मेलेल्या माशा? लोक काय म्हणतील?"

आम्ही दोघी हसलो. मग तिला खोकला आला आणि हसणं थांबलं. मी मीटरचं सांगितलं. प्रॉक्टर तीसला येतोय ते सांगितलं. तिने पिशवी घट्ट धरली.

"तू सांगणार नाहीस ना?"

"मला माझं घर सांभाळायचंय, थेल्मा."

हे मी म्हणाले. शब्द जसेच्या तसे.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

प्रॉक्टरचा निरोप: किटिवेक आणि पफिनचे आकडे आजच बदला, नवे मला कळवा. काल पुन्हा किटली.

दुपारी बदलले. पेटीच्या आतली लहान कळ दाबून नवा आकडा लावायचा, एवढंच. दोन मिनिटांचं काम. मंगळवार असल्यामुळे ती शुक्रवारच्या कुठल्या तरी घरात असणार. तिला जाऊन सांगणार होते. खरंच जाणार होते. आधी चहा घेतला. मग अंधार पडला. मग वाटलं, सकाळी सांगू.

तिची पिशवी किटिवेकच्या खुर्चीवर होती. ती मी बघितली. बघून दार लावलं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

अंगणातली बादली तळापर्यंत गोठलीय.

सकाळी सातला किटिवेकच्या दाराशी. पायरीवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर आणि त्यात बुटांचे ठसे. दारापर्यंत आलेले. थोडे तिथेच घुटमळलेले. परत गेलेले.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

नाही. कुठेच नाही. बसथांब्यावर नाही, चॅपलमध्ये नाही, वाळूच्या टेकड्यांमागे पक्षी बघायची लाकडी खोली आहे, तिथेही नाही. ओहोटीच्या वेळी खडकांवरूनही फिरून आले. काय शोधत होते ते लिहीत नाही.

कुणाला विचारू? विचारणं म्हणजे सांगणंच. डेरेकला सहज म्हणून म्हटलं, थेल्माचं काही कळलं का. "थेल्मा? मजेत असेल गं. नातवंडांत." आणि माझ्याकडे बघून, "तुला काय झालंय? तूच भुतासारखी दिसतेस."

कार्लाइलला मुलीला फोन लावला. वाजला. तिने "हॅलो" म्हणताच ठेवून दिला. काय सांगणार होते? तुझी आई माझ्याकडे नाही?

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

कॉबल, बोटहाउस, लाँगस्टोन. कपाटं उघडली, पलंगांखाली वाकून पाहिलं, "थेल्मा, मी आहे" अशा हाका मारल्या. माझाच आवाज परत आला. सगळ्या खिडक्यांत माशा. ढीगच्या ढीग. आता त्याच माशांची भीती वाटते.

शनिवार, ३० नोव्हेंबर

प्रॉक्टर आला. बरोबर कॅमेरावाली मुलगी. किटिवेककडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ माझ्याकडे.

मी रात्रभर घोकलेलं बोलून टाकलं – पाण्याचा हीटर मीच चालू ठेवला होता, चूक माझी.

"ते सोडा हो," तो म्हणाला. "आता बंद झालंय ना?" मुलगी माझ्या आईच्या खुर्चीचा फोटो काढत होती. "ही राहू दे," तिला म्हणाला. "लोकांना असलं आवडतं."

मग पाकीट. दोन महिने. एकतीस जानेवारीपर्यंत घर रिकामं करायचं. कामाचं काही नाही, काम आहेच, उलट एक घर वाढेल! चांगलं शिफारसपत्र देईन म्हणाला. घरावर लावायची पाटीसुद्धा आणली होती, स्लेटची, कोरलेली: 'जाळीवाल्याची माडी'. माझे वडील पोस्टमन होते. या घरात कधी जाळं नव्हतं.

म्हणजे सांगितलं असतं तरी, नसतं तरी. आकडा बदलला असता तरी, नसता तरी – घर जाणारच होतं.

बुटांचे ते ठसे.

मंगळवार, १० डिसेंबर

भाड्याचं घर: अ‍ॅल्निकपर्यंत एक नाही. जे आहे ते जूनमध्ये रिकामं करायच्या अटीवर – पाहुणे येतात. सरकारी घरांच्या यादीत नाव घातलं. फोनवरच्या बाईने विचारलं, मुलं? नाहीत. आजार? नाही. सध्या डोक्यावर छप्पर आहे? आहे. "मग थोडं थांबावं लागेल हं."

किटिवेकमधून थेल्माची रबरी पिशवी घरी आणली. स्वयंपाकघरात टांगलीय. तिच्याकडे बघवत नाही, फेकवतही नाही.

शुक्रवार, २० डिसेंबर

कॉबलमध्ये एक ब्लँकेट, सुपाचे चार डबे आणि उघडायची चावी ठेवून आले. टेबलाच्या मधोमध. कॉबलचा आकडा जुनाच आहे. हिदर, बोटहाउस, लाँगस्टोनचाही जुनाच.

शुक्रवार, २७ डिसेंबर

चार डबे.

शुक्रवार, १० जानेवारी

चारच डबे. ब्लँकेटही हललेलं नाही. मुद्दाम कडा बाहेर ठेवून घडी घातली होती. ती असती तर तिला राहवलं नसतं. कडा बाहेरच आहेत.

माशा खूप.

वर्तमानपत्रात रोज शेवटचं पान आधी उघडते. किनाऱ्यावर कुणी सापडलं का.

शुक्रवार, २४ जानेवारी

डेरेकने विचारलं, "मग? कुठे जाणार?"

"चुलतबहिणीकडे. बेरिकला."

इतक्या सहज निघालं तोंडातून! मला चुलतबहीणच नाही. तो म्हणाला, "वा, छानच झालं," आणि दुकानात केकची वर्गणी काढायला घेतली. थेल्माच्या वेळी डबा घेऊन घरोघरी मीच फिरले होते.

पोस्टातली बाई म्हणते, निघू नकोस, बसून राहा, कोर्टात जाऊ दे त्याला. कशी बसू? त्याची दोन घरं माझ्या कामात आहेत, ती गेली तर बाकीचेही विचार करतील. मी भित्री आहे. आता लिहायला हरकत नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

खुर्ची सोडून सगळं बांधलं. दुकानातला तक्ता सकाळी काढून आणला आणि वाचत बसले. कॉबल, ईस्टरपर्यंत रिकामं. लाँगस्टोन, मार्चपर्यंत. स्वतःच्याच अक्षराची भीती वाटली. मग फेब्रुवारीचा नवा तक्ता लिहिला आणि परत लावून आले.

शनिवार, १ फेब्रुवारी

काल रात्र बसथांब्यावर काढली. आज सकाळी बॅग घेऊन कॉबल. जुना आकडा. मी पेटीला हात लावायच्या आत दार आतून उघडलं.

थेल्मा! माझ्याकडे नाही, बॅगेकडे बघत राहिली. बराच वेळ.

"सूप का नाही खाल्लंस?" मला एवढंच सुचलं.

"खाल्लं असतं तर तुला कळलं असतं. तू आकडा बदलला असतास."

बॅगेतून तिची रबरी पिशवी काढून दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, मग दारातून बाजूला झाली.

"बूट बाहेर काढ. लादी आत्ताच पुसलीय. आणि खिडकीतल्या माशांना हात लावायचा नाही. मोजून ठेवल्यात."